राक्षसभुवनचा अठरा वर्षांचा पेशवा

आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ २०१९ साली आला. होस्टेलवर कुणाच्या ना कुणाच्या लॅपटॉपवर तो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. सिनेमाची सुरुवात उदगीरच्या लढाईने होते. पडद्यावर उदगीरचं नाव आलं की आपल्याकडची पोरं शिट्ट्या मारतात, कारण ते गाव आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं! पण सिनेमा १४ जानेवारी १७६१ च्या लढाईपाशी संपतो आणि आपल्याला वाटतं, मराठ्यांची गोष्टही तिथेच संपली. खरं तर पुढचा भाग आपल्याच बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला घडला. त्या भागाचा नायक होता थोरले माधवराव पेशवे.

माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ चा. नानासाहेब पेशव्यांचे हे दुसरे चिरंजीव. थोरले विश्वासराव पानिपतावर पडले, चुलते सदाशिवरावभाऊही गेले. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरलेच नाहीत, जून १७६१ मध्ये पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. पुढच्याच महिन्यात पेशवाईची वस्त्रं माधवरावांच्या अंगावर आली. वय वर्षे सोळा! म्हणजे आपण दहावीच्या मार्कमेमोच्या झेरॉक्स काढत अकरावीच्या रांगेत उभे असतो, ते वय. खजिना रिकामा, घराघरात सुतक, आणि चुलते रघुनाथराव कारभारावर हक्क सांगून बसलेले.

भाऊबंदकी आपल्याला नवी नाही. बांधावरून कोर्टकचेऱ्या करणारी घरं प्रत्येक गावात असतात. इथे तर वाद अख्ख्या राज्याचा होता. रघुनाथरावांनी चक्क निजामाची मदत घेतली आणि नोव्हेंबर १७६२ मध्ये पुतण्याविरुद्ध लढाई मांडली. घरचं भांडण वाढलं तर राज्यच बुडेल, हे ओळखून माधवराव आळेगावला स्वतःहून चुलत्याच्या स्वाधीन झाले. पेशवा असून नजरकैदेत राहिले. अपमान गिळणं सोपं नसतं, पण त्यांनी तो गिळला.

निजामअलीने ही फूट बरोबर हेरली. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मोठा हुशार माणूस. त्याने नागपूरच्या जानोजी भोसल्यांना आपल्याकडे वळवलं आणि १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं. मराठ्यांनी समोरासमोर भिडायचं टाळून उलट निजामाच्या मुलखात शिरून लूट चालवली. अशी पळापळ पावसाळ्यापर्यंत चालली. तोवर जानोजींना आतून परत फिरवण्याचं कामही झालं होतं.

ऑगस्टमध्ये निजाम औरंगाबादकडे निघाला. वाटेत गोदावरी, आणि तीही पुराने भरलेली. निजाम काही फौज घेऊन पलीकडे उतरला. विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह राक्षसभुवनजवळ दक्षिण तीरावर राहिला. सिव्हिलवाल्यांना वेगळं सांगायला नको, आज वर पैठणला जायकवाडीचं धरण आहे, १९७६ सालापासून पाणी अडवलं जातं. तेव्हा असलं काही नव्हतं. पूर आला की दोन तीर म्हणजे दोन वेगळे देश. मराठ्यांनी नेमकी हीच वेळ साधली.

१० ऑगस्ट १७६३ ला लढाई पेटली. सुरुवातीला पारडं निजामाकडे झुकलं. हत्तीवर बसलेले रघुनाथराव शत्रूच्या गराड्यात सापडले. इथे क्षणभर थांबून विचार करा. ज्या चुलत्याने नजरकैदेत टाकलं, ज्याच्यामुळे निजाम घरात शिरला, तोच आता संपण्याच्या बेतात आहे. काही न करता नुसतं उशिरा पोचलं असतं तरी वाट मोकळी झाली असती, आणि कुणी बोटही दाखवलं नसतं. पण अठरा वर्षांचे माधवराव ताज्या दमाची फौज घेऊन तुटून पडले आणि चुलत्याला सोडवलं. विठ्ठल सुंदर ठार झाला, त्याची फौज उधळली. पलीकडच्या तीरावरून निजामाला मदत करता आली नाही. पुढे औरंगाबादला तह झाला.

त्यानंतर कारभाराची सूत्रं खऱ्या अर्थाने माधवरावांच्या हाती आली. कर्नाटकात हैदरअलीला त्यांनी वारंवार नमवलं. रघुनाथराव पुन्हा उठले, तेव्हा १७६८ मध्ये धोडपला त्यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात कैदेत ठेवलं, जिवाला मात्र धक्का लावला नाही. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा न्यायाधीश जवळ केला आणि त्यांनी तोंडावर सुनावलेलंही ऐकून घेतलं. रयतेवरची वेठबिगार बंद केली. १७७२ च्या जानेवारीत मराठी फौजांच्या बळावर बादशहा शाहआलम दिल्लीत परतला, म्हणजे पानिपताला जेमतेम अकरा वर्षं झाली होती!

पण शरीर साथ देत नव्हतं. क्षयाने पोखरलेले माधवराव थेऊरला चिंतामणीच्या देवळात जाऊन राहिले. मरणापूर्वी राज्यावरचं कर्ज फेडण्याची तजवीज केली आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला, सत्ताविसाव्या वर्षी ते गेले. पत्नी रमाबाई सती गेल्या.

त्यांच्यावर ‘स्वामी’ कादंबरी आली, मालिका आली, २०१४ मध्ये मृणाल कुलकर्णींचा ‘रमा माधव’ आला. तरी राक्षसभुवन म्हटलं की आपल्याला शनीचं देऊळ आठवतं, लढाई नाही. सिनेमा सोपा करून सांगतो, आपले आणि परके. प्रत्यक्षात पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता, आणि राक्षसभुवनला निजामाचा सेनानी विठ्ठल सुंदर होता. माणसं धर्मावरून नाही, चाकरीवरून आणि निष्ठेवरून उभी राहत. आणि ज्या मातीत निजाम हरला, तो आपला जिल्हा पुढे १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिला. एक लढाई जिंकली म्हणजे सगळं कायमचं मिळतं असं नाही, हेही इतिहासच शिकवतो.

तेव्हा पुढच्या वेळी शनी अमावास्येला गाडी काढून राक्षसभुवनला जाल, तेव्हा दर्शन झाल्यावर पाच मिनिटं गोदावरीच्या काठावर उभे राहा. फर्स्ट इयरच्या पोराच्या वयाचा एक मुलगा इथे लढाई जिंकून गेला. आणि लढाईपेक्षाही अवघड गोष्ट, म्हणजे स्वतःच्या मनातला राग, तोही त्याने इथेच जिंकला.