कृष्ण दैवज्ञ

कृष्ण दैवज्ञ हे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात व सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेलेले ज्योतिर्विद व गणिती होते. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथावरील ‘बीजपल्लव’ या टीकेसाठी ते प्रसिद्ध आहेत.

घराणे व शिक्षण

त्यांचे घराणे मूळचे वऱ्हाडातील. एलिचपूर (आजचे अचलपूर, जि. अमरावती) परिसरात पयोष्णीतीरी वसलेले दधिग्राम हे पूर्वजांचे गाव. पयोष्णी म्हणजे अमरावती व अकोला जिल्ह्यांतून वाहणारी पूर्णा, असे सामान्यतः मानले जाते. चिंतामणी, राम, त्रिमल्ल व बल्लाळ ही त्यांची वंशपरंपरा. बल्लाळ काशीस स्थायिक झाले. त्यांच्या पाच पुत्रांपैकी कृष्ण हे एक होत. ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञांचे पुतणे नृसिंह यांचे शिष्य विष्णू, हे कृष्णांचे गुरू. मुघल बादशहा जहांगीर (राज्यकाल १६०५–१६२७) याचा त्यांना आश्रय होता.

ग्रंथकार्य

केवळ नियम सांगून न थांबता त्याची उपपत्ती, म्हणजे तो खरा का याचे कारण देणे, हे ‘बीजपल्लव’चे वैशिष्ट्य होय. ऋणत्व हे स्थळ, काळ व वस्तू या तीन प्रकारे संभवते, असे कृष्ण स्पष्ट करतात. पूर्वेकडील अंतर धन मानल्यास पश्चिमेकडील अंतर ऋण ठरते. भाजक जसजसा लहान होतो तसतसा भागाकार वाढतो, या विचाराने त्यांनी शून्याने भागण्याचा प्रश्न उलगडला. ग्रहाच्या भगणांच्या शेषावरून गेलेले दिवस काढण्यास ज्योतिषी जे कुट्टक गणित वापरीत, त्याचीही उपपत्ती त्यांनी दिली.

‘छादकनिर्णय’ हा त्यांचा ग्रंथ ग्रहणविषयक आहे. छादक म्हणजे झाकणारा. सूर्यग्रहणात चंद्र, तर चंद्रग्रहणात पृथ्वीची छाया. श्रीपतीच्या ‘जातकपद्धती’वरील टीकेत त्यांनी अब्दुल रहीम खानखाना यांची पत्रिका उदाहरणादाखल घेतली आहे.

वारसा

त्यांचे बंधू रंगनाथ यांनी १६०३ मध्ये सूर्यसिद्धान्तावर ‘गूढार्थप्रकाशक’ ही टीका पूर्ण केली. त्याच वर्षी रंगनाथांना मुनीश्वर हा पुत्र झाला. मुनीश्वरांनी पुढे भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’वर ‘मरीचि’ ही टीका आणि १६४६ मध्ये ‘सिद्धान्तसार्वभौम’ हा स्वतंत्र ग्रंथ रचला.

महत्त्व

भारतीय गणितात नियम आहेत, पण त्यांच्या सिद्धता नाहीत, या समजाला ‘बीजपल्लव’ हे ठोस उत्तर आहे. गुरुपरंपरेचा आदर राखूनही प्रत्येक नियमाचे कारण शोधता येते, हे कृष्ण दैवज्ञांनी दाखवून दिले.