चित्रकार व्हायला निघालेले लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि विहिरीवरचं हिरवं बटन

देवणीच्या शिवारात रात्री लाईट आली की शेतकरी बॅटरी घेऊन विहिरीकडे निघतो. डब्यावरचं हिरवं बटन दाबलं की खट्कन आवाज होतो आणि मोटर सुरू. त्याच्या पणजोबाला याच पाण्यासाठी पहाटेपासून देवणी बैलांची जोडी मोटेला जुंपावी लागायची.

मोटेपासून मोटरपर्यंतच्या या प्रवासात एक नाव हमखास येतं, लक्ष्मणराव किर्लोस्कर. गंमत म्हणजे या माणसाला व्हायचं होतं चित्रकार.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला त्यांचा जन्म झाला. चित्रकलेसाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंगांमधला फरकच आपल्याला दिसत नाही हे तिथं लक्षात आलं. चित्रकाराचं करिअर तिथंच संपलं. मग त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं, ज्यात रंगांचं काही काम नव्हतं. पुढं व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले आणि तिथल्या यंत्रांवर हात साफ केला. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

बेळगावात भाऊ रामूअण्णांसोबत सायकलचं दुकान होतंच. तिथंच कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. नांगर काही खपेना. लोखंडानं जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली म्हणतात. आज कुठल्याही स्टार्टअपनं एवढ्यात गाशा गुंडाळला असता.

त्यात बेळगाव नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली. तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान दिलं, वर कर्जही दिलं. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्या काळच्या कारखान्यांत साधारण एकच इंजिन असायचं. ते छताजवळचा लांब दांडा फिरवायचं आणि त्यावरून पट्टे प्रत्येक मशीनला. मधलं मशीन थांबवायचं तर पट्टा सरकवायचा, इंजिन बिघडलं तर सगळंच ठप्प. विजेच्या मोटरनं हे बदललं. प्रत्येक मशीनला आपली मोटर आणि प्रत्येक मोटरला आपलं बटन. नांगरानंतर किर्लोस्करांनी पंप, इंजिनं बनवली आणि १९४६ मध्ये बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. महिनाभरानं, १ नोव्हेंबरला, मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. विहिरींवर विजेच्या मोटरी सर्रास दिसू लागल्या त्या त्यानंतर.

आता त्या डब्यात काय असतं? हिरवं बटन दाबलं की तारेच्या एका वेटोळ्यातून करंट जातो. त्या वेटोळ्याला कॉइल म्हणतात. कॉइल लोहचुंबक बनते, पट्ट्या ओढून घेते आणि मोटरला वीज मिळते. खट्कन वाजतं ते हेच. त्यातलीच एक छोटी पट्टी बटनावरचं बोट काढलं तरी कॉइल चालू ठेवते. लाल बटन कॉइलचा करंट तोडतं. मोटरनं जास्त करंट ओढला तर रिलेमधली पत्ती तापून वाकते आणि मोटर ट्रिप होते. कारखान्यातल्या मोठ्या पॅनेलमध्येही पाया हाच, आज फक्त बटन दाबायचं काम बऱ्याचदा कॉम्प्युटर करतो.

लाईट गेली की कॉइल पट्ट्या सोडून देते. परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, कुणीतरी बटन दाबावंच लागतं. ही खोट नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. मोटर खोलून बसलेल्या माणसाच्या हातात ती अचानक फिरू नये म्हणून.

पण रात्रीच्या लाईटला, साप-विंचवाच्या भीतीत, शेतात जाणार कोण? म्हणून शेतकरी ऑटो स्विच बसवतात. त्यांचंही चुकतं असं म्हणता येत नाही. मात्र लाईट आली की शिवारातल्या सगळ्या ऑटोवाल्या मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तो सगळा भार एकाच वेळी डीपीवर येतो, आणि डीपी जळाला की सगळ्यांचंच पाणी बंद.