लॉकवुड किपलिंग : प्राण्यांचे चित्रकार

यंदा आमच्या शाळेंतील धाकट्या वर्गांच्या मुलांनीं एक चित्रमय पुस्तक वाचून प्राण्यांचीं चित्रें काढलीं व मातीचे प्राणीही केले. वाघ, सिंह व हत्ती ह्यांची नुसती गर्दी झाली. परंतु भिवंडीच्या रस्त्यांवर नित्य दिसणारी शेळी किंवा म्हैस फार थोड्यांस साधली. एका विद्यार्थ्यानें तर म्हशीचीं शिंगें सरळ कपाळावर उभीं केलीं होतीं! तें पाहून आम्हांस जॉन लॉकवुड किपलिंग ह्यांचें स्मरण झालें. त्यांचे पुत्र रडयार्ड किपलिंग हे 'जंगल बुक'मुळें आमच्या वाचकांस ठाऊक आहेतच. पित्याविषयीं मात्र आपल्याकडे फारसें कोणी बोलत नाहीं.

लॉकवुड ह्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजीं यॉर्कशायरमधील पिकरिंग गांवीं झाला. वडील मेथॉडिस्ट पाळक होते. तरुणपणीं बर्सलेम येथील मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांत त्यांनीं नक्षीकाम केलें. १८६५ सालीं अ‍ॅलिस मॅक्डोनल्ड ह्यांच्याशीं विवाह करून ते मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिल्पाचे अध्यापक म्हणून आले. त्याच वर्षीं ३० डिसेंबरास रडयार्डचा जन्म झाला.

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आतांची महात्मा जोतिबा फुले मंडई, आमच्या पुष्कळ पालकांनीं पाहिली असेल. तिच्या प्रवेशद्वारावरील शिल्पपट्ट लॉकवुड ह्यांच्या योजनेचे आहेत. बोरीबंदर स्थानकावरील कोरीव कामही कित्येक लोक त्यांचेंच म्हणून सांगतात. पण तें बरोबर नाहीं. त्या इमारतीच्या उभारणीपूर्वींच, १८७५ सालीं, ते लाहोरास गेले होते. तेथें मेयो कलाशाळेचे मुख्याध्यापक व संग्रहालयाचे प्रमुख ह्या नात्यानें त्यांनीं १८९३ पर्यंत सेवा केली.

मध्यंतरींची एक गोष्ट पालकांपासून लपवून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. १८७१ सालीं पांच वर्षांचा रडयार्ड व त्याची धाकटी बहीण ह्यांना इंग्लंडांत एका अपरिचित कुटुंबांत ठेवून आईबाप हिंदुस्थानांत परतले. त्या काळच्या इंग्रज कुटुंबांत ही रीतच होती, आणि हवापाणी व शिक्षण हीं तिचीं कारणें होतीं. तरी मुलाचीं तेथील वर्षें अत्यंत दुःखांत गेलीं, आणि प्राण्यांचें मन इतकें ओळखणार्‍या बापास आपल्या लेकराची व्यथा दुरून कळली नाहीं. १८७७ सालीं आई जाऊन मुलांस भेटली, तेव्हां तो वनवास संपला.

१८९१ सालीं लॉकवुड ह्यांचा हिंदुस्थानांतील पशू व माणसें ह्यांवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत हत्ती आहेच. पण गाढव, शेळी, बैल, म्हैस, उंट व मांजर ह्यांनाही जागा आहे. प्रत्येकाविषयींच्या लोकांच्या समजुती व म्हणी त्यांनीं हौसेनें जमविल्या. गाडीच्या बैलास व ओझ्याच्या गाढवास येथें कसें वागवितात, हेंही त्यांनीं स्पष्ट लिहिलें. कोठें कोठें राज्यकर्त्याची तुच्छता त्यांच्या लेखणींत डोकावते, हें कबूल केलेंच पाहिजे; तथापि बैलाच्या मानेवरील जखमेपुरतें बोलावयाचें, तर ते खोटें लिहीत नव्हते.

हें सर्व आम्हीं वर्गांत सांगितलें. दुसर्‍या दिवशीं तो विद्यार्थी पाटी घेऊन गोठ्यापाशीं बसला. शिंगें आतां मागें वळलीं आहेत. पाय अद्याप लांकडाचे आहेत.

पुढें १८९४ व १८९५ सालीं निघालेल्या 'जंगल बुक'च्या दोन्ही भागांसाठीं पित्यानें पुत्राच्या कथांचीं चित्रें काढलीं. १९०१ सालच्या 'किम' कादंबरीसाठीं तर त्यांनीं मातीचे उठावदार पट घडविले व त्यांचीं छायाचित्रें पुस्तकांत छापलीं. बर्सलेमची माती शेवटीं अशी कामास आली. त्याच कादंबरींतील लाहोर संग्रहालयाचा वृद्ध, प्रेमळ साहेब म्हणजे लॉकवुडच होत. नोव्हेंबर १९१० मध्यें अ‍ॅलिसबाई वारल्या, आणि दोनएक महिन्यांतच, जानेवारी १९११ मध्यें, इंग्लंडांतील टिस्बरी येथें लॉकवुड ह्यांचें निधन झालें.