रुडॉल्फ डीझेल व एंजिनाचा श्वास

आमच्या उपनगरांतील मुलांस मोटारगाड्यांचें वेड किती आहे, हें पालकांस सांगावयास नको. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील मोटार-सामानाच्या दुकानांत हवा आंत घेणाऱ्या नव्या नळ्या व गाळण्या मिळतात आणि त्या बसविल्या कीं एंजिनाची शक्ति वाढते, असें सांगितलें जातें. हें कितपत खरें, हा विचार करण्यापूर्वीं, ज्या पुरुषानें हवेच्या जोरावर एंजिनाची सारी रचनाच बदलून टाकली, त्याच्या चरित्राकडे आपण वळूं.

रुडॉल्फ डीझेल ह्याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजीं पॅरिस येथें एका जर्मन कारागिराच्या घरीं झाला. १८७० मध्यें फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलें आणि ह्या कुटुंबास लंडनचा आश्रय घ्यावा लागला. बारा वर्षांच्या रुडॉल्फास जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें नातलगांकडे धाडण्यांत आलें. आईबापांपासून दूर राहूनहि त्यानें अभ्यासांत कसूर केली नाहीं. पुढें म्युनिक येथील तंत्रविद्यालयांत तो शीतयंत्रांचे प्रसिद्ध संशोधक कार्ल फॉन लिंडे यांचा शिष्य झाला. त्या काळचें वाफेचें एंजिन कोळशांतील उष्णतेपैकीं शेंकडा दहाच्या आसपासच कामीं लावी. बाकीची वायां जाई. हा अपव्यय टाळण्याचा ध्यास त्यानें विद्यार्थिदशेंतच घेतला.

सायकलींत हवा भरतांना पंप तापतो, हा अनुभव सर्वांस आहे. हवा दाबली असतां तापते, ह्याच नियमावर डीझेलनें आपली योजना उभारली. एंजिनांत प्रथम केवळ हवा घ्यावी, ती इतकी दाबावी कीं तिच्याच उष्णतेनें इंधन पेटावें, असा तो बेत होता. १८९३ मध्यें त्यास ह्याची सनद मिळाली. त्याच वर्षीं आउग्सबुर्ग येथील कारखान्यांत केलेल्या पहिल्या प्रयोगांत स्फोट झाला व तो थोडक्यांत बचावला. फेब्रुवारी १८९४ मध्यें एंजिन स्वतःच्या बळावर चाललें, पण तें सुमारें एक मिनिटच! तरीहि त्यानें धीर सोडला नाहीं.

फेब्रुवारी १८९७ मध्यें म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्स श्रेटर यांनीं ह्या एंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. फिरत्या चाकास रोध लावून शक्ति मोजली, इंधनहि मोजलें. उष्णतेचा शेंकडा २६ हून अधिक भाग कामीं लागतो, असें सिद्ध झालें. डीझेलच्या कागदावरील हिशेबांत आंकडा याहून पुष्कळ मोठा होता; तथापि जगानें मान्य केला तो मोजून ठरलेला आंकडा.

आतां नळीचा प्रश्न याच कसोटीस लावूं. एंजिनास उपयोगी पडते ती हवेची राशि. हवा दहा अंशांनीं अधिक तापली तर तेवढ्याच जागेंत सुमारें शेंकडा तीन हवा कमी मावते. कित्येक नव्या गाळण्या झांकणाखालीं एंजिनाजवळच उघड्या बसतात आणि तेथील ऊन हवा ओढतात. अशा वेळीं लाभ दूरच, उलट हानि होते. आजच्या मोटारींत निर्मात्यानें बहुधा बाहेरची थंड हवा आणण्याची सोय आधींच केलेली असते. म्हणून अन्य कांहीं न बदलतां केवळ नळी बदलल्यास बहुधा फारच थोडी शक्ति वाढते. वाढतो तो आवाज, आणि मोठा आवाज म्हणजे मोठी शक्ति असा भास होतो. ज्या एंजिनांत मूळची नळीच अपुरी पडते, किंवा ज्याची इतर रचनाहि शक्तीकरितां बदललेली असते, तेथें मात्र फरक दिसतो. शिवाय नळीचें तोंड खालीं आणलें असेल आणि पावसाळ्यांत अंधेरीच्या भुयारी मार्गांत पाणी सांचलें असेल, तर तें पाणी एंजिनांत जाण्याचें भय असते. पाणी हवेप्रमाणें दाबलें जात नाहीं. आंतील दांडा वांकतो व खर्च मोठा येतो. यापेक्षां मूळची गाळणी वेळेवर बदलणें अधिक हिताचें.

डीझेलचा शेवट दुःखद झाला. कीर्ति मिळाली, पण प्रकृति ढांसळली व कर्ज वाढलें. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं अँटवर्पहून इंग्लंडास जातांना ड्रेस्डेन नांवाच्या आगबोटीवरून तो नाहींसा झाला. पुढें समुद्रांत त्याचें शव सांपडलें. त्याचें नांव मात्र लालबहादूर शास्त्री मार्गावरील मालमोटारींत व वेसाव्याच्या मच्छीमार होड्यांत आजहि नांदतें.

विद्यार्थिमित्रांनो, वडिलांनीं कष्टानें मिळविलेला पैसा अशा वस्तूवर खर्चण्यापूर्वीं एवढेंच विचारा कीं, ही शक्ति कोणीं मोजली आणि कशानें मोजली? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास तो पैसा राखून ठेवावा, असेंच आम्ही सुचवूं.