जॉन आणि मार्गारेट विल्सन

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात मोठी राजकीय स्थित्यंतरे घडली. १८१३ साली ब्रिटिश संसदेने ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेत बदल केला आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांना या देशात येण्याची मोकळीक मिळाली. १८१८ साली पेशवाई संपुष्टात आली आणि महाराष्ट्राचा मोठा प्रदेश कंपनीच्या अमलाखाली गेला. त्यानंतरच्या काळात इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेतून अनेक मिशनरी मुंबई इलाख्यात आले. स्कॉटलंडमधील एक नवविवाहित जोडपे त्यांपैकीच होते. त्यांची नावे जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन.

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर या छोट्याशा गावी झाला. वडील शेतकरी होते. जॉन यांनी एडिंबरो विद्यापीठात धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. विद्यार्थिदशेतच त्यांनी परदेशी धर्मप्रसाराचे कार्य करण्याचा निश्चय केला होता.

मार्गारेट बेन यांचा जन्म १७९५ साली ग्रीनॉक या बंदराच्या शहरी झाला. त्यांचे वडील केनेथ बेन हे तेथील गेलिक भाषकांच्या चर्चचे धर्मोपदेशक होते. डोंगराळ भागातून कामधंद्यासाठी शहरात आलेले लोक या चर्चमध्ये येत असत. त्यामुळे, ज्याला उपदेश करायचा त्याच्याच भाषेत तो करावा लागतो, ही गोष्ट मार्गारेटबाईंना लहानपणापासून ठाऊक होती.

ऑगस्ट १८२८ मध्ये या दोघांचा विवाह झाला. त्या वेळी मार्गारेटबाई बत्तीस वर्षांच्या, तर जॉन तेवीस वर्षांचे होते. विवाहानंतर काही दिवसांतच ते हिंदुस्थानच्या वाटेवर निघाले. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. जहाजांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून यावे लागे. घरसंसाराचे पहिले महिने या दांपत्याने जहाजावरच काढले. फेब्रुवारी १८२९ मध्ये त्यांनी मुंबईच्या भूमीवर पाऊल ठेवले.

परंतु मुंबईत त्यांनी लगेच कार्य सुरू केले नाही. लोकांशी बोलता येत नसेल, तर त्यांच्यामध्ये काम कसे करणार? म्हणून ते दोघे समुद्रमार्गे कोकणात गेले. बाणकोट आणि हर्णै या किनाऱ्यावरच्या गावी स्कॉटिश मिशनची केंद्रे होती. तेथे राहून त्यांनी मराठीचा अभ्यास आरंभला. शिकवण्यासाठी आलेले हे पतिपत्नी प्रथम विद्यार्थी झाले.

हा अभ्यास सोपा नव्हता. मराठीचे प्रसिद्ध कोशकार मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली बाहेर पडला. विल्सन दांपत्य कोकणात आले, तेव्हा तो अभ्यासकांच्या हाती नव्हता. विल्यम केरी यांचे व्याकरण १८०५ साली छापले गेले होते, पण जिवंत भाषा केवळ व्याकरणातून येत नाही. छापील पुस्तके देवनागरी लिपीत असत, तर रोजच्या व्यवहारातील हिशेब आणि पत्रे मोडी लिपीत लिहिली जात. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला ‘ळ’ आणि ‘ण’ यांचे उच्चार अवघड वाटतात. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांतला भेदही त्याला नव्याने समजून घ्यावा लागतो. मार्गारेटबाई तर ऐन तिशी ओलांडल्यावर पहिल्या अक्षरापासून शिकत होत्या. तरीही दोघांनी नेटाने अभ्यास चालू ठेवला आणि वर्ष संपण्याच्या आत जॉन मराठीतून प्रवचन करू लागले.

नोव्हेंबर १८२९ मध्ये हे दांपत्य मुंबईस परत आले आणि पुढे गिरगावजवळच्या अंब्रोली येथे राहू लागले. त्या वेळची मुंबई झपाट्याने वाढणारे व्यापारी शहर होते. मराठी, गुजराती, हिंदुस्थानी, पोर्तुगीज अशा अनेक भाषा तेथील रस्त्यांवर ऐकू येत. हिंदू, मुसलमान, पारशी, जैन, यहुदी आणि ख्रिस्ती लोक शेजारीशेजारी राहत. मुलांच्या शिक्षणासाठी काही शाळा निघाल्या होत्या. मुलींच्या शिक्षणाकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष गेले होते. अमेरिकन मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढून या कामास प्रारंभ केला होता. मार्गारेटबाईंनी याच क्षेत्रात आपले कार्य सुरू केले.

मुली शाळेत याव्यात म्हणून त्यांना फार प्रयत्न करावे लागले. लिहिता-वाचता येणाऱ्या मुलीला वैधव्य येते, असा समज तेव्हा लोकांत रूढ होता. मुलींची लग्ने लहानपणीच होत आणि लग्न झाले की शाळा सुटे. गरीब घरच्या मुलींना धाकट्या भावंडांना सांभाळावे लागे. परक्या देशातून, परक्या धर्माची बाई शिकवायला आलेली पाहून आईबापांच्या मनात शंका येणेही स्वाभाविक होते. शिवाय स्त्री-शिक्षक मिळत नसत, म्हणून पंतोजींची नेमणूक करावी लागे. अशा परिस्थितीतही मार्गारेटबाईंनी एकामागून एक शाळा उघडल्या. त्या स्वतः मराठीतून मुलींशी बोलत, त्यांचा अभ्यास पाहत आणि त्यांच्या परीक्षा घेत. निराधार व गरीब मुलींसाठीही त्यांनी शाळा चालवली. मुंबईच्या गावदेवी भागातील सेंट कोलंबा शाळेचा इतिहास मार्गारेटबाईंनी १८३२ साली सुरू केलेल्या शाळेपासून सांगितला जातो.

त्यांचा भार एवढाच नव्हता. धर्मप्रसारासाठी जॉन दूरदूरचे दौरे करीत. ते नाशिक, गुजरात, काठेवाड या प्रदेशांत फिरत असताना शाळांची देखरेख, पत्रव्यवहार आणि घर ही सर्व कामे मार्गारेटबाई पाहत. जॉन यांनी १८३० साली ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे मासिक सुरू केले. त्यासाठीही मार्गारेटबाई लेखन करीत.

विल्सन पतिपत्नींचा मुख्य हेतू धर्मप्रसार हा होता आणि तो त्यांनी कधी लपवून ठेवला नाही. मुंबईच्या समाजानेही आपला विरोध लपवला नाही. १८३१ साली मोरभट दांडेकर या विद्वानांशी जॉन यांचा जाहीर वादविवाद झाला. दांडेकरांनी आपली बाजू ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ या पुस्तकात मांडली आणि जॉन यांनी त्याला छापील उत्तर दिले. दोन्ही पक्षांनी मुद्द्याला मुद्द्याने उत्तर दिले. एकमेकांचे मत खोडण्यासाठी एकमेकांचे ग्रंथ वाचणे त्यांना भाग पडले. अशा वादांमुळे नव्याने घडू लागलेल्या मराठी गद्यालाही तर्कशुद्ध लेखनाचे वळण लागण्यास साहाय्य झाले.

मार्च १८३२ मध्ये जॉन यांनी अंब्रोली येथे इंग्रजी शाळा सुरू केली. अनेक घरांतील मुले तेथे शिकू लागली. लोकांना नवे शिक्षण हवे होते, पण त्यासाठी आपला धर्म सोडण्याची त्यांची तयारी नव्हती. ही ओढाताण पुढे १८३९ साली उघड झाली. त्या वर्षी धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पारशी समाजात मोठा क्षोभ उसळला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पुष्कळ पालकांनी आपली मुले विल्सन यांच्या शाळेतून काढून घेतली. ती शाळा पुन्हा भरण्यास बराच काळ लागला.

हे सर्व पाहण्यास मार्गारेटबाई हयात नव्हत्या. उष्ण हवा, अविश्रांत श्रम आणि आजारपण यांनी त्यांची प्रकृती खालावत गेली होती. पोटच्या मुलांचे मृत्यूही त्यांनी सोसले होते. १९ एप्रिल १८३५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. मुंबईतील त्यांचे कार्य जेमतेम साडेपाच वर्षांचे. त्यांच्या मृत्यूनंतर शाळा बंद पडल्या नाहीत. अ‍ॅना आणि हे या त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून आल्या आणि त्यांनी हे काम पुढे चालवले. जॉन यांनी १८३८ साली पत्नीचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यांचा मुलगा अँड्र्यू पुढे लेखक झाला. हिमालयातील प्रवासावर त्याने लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध आहे.

जॉन विल्सन यांनी मायदेशी कायमचे परत न जाता उरलेले आयुष्य मुंबईलाच दिले. १८४६ साली त्यांनी इझाबेला डेनिस्टन यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यांनीही मुलींच्या शाळांचे काम सांभाळले. जॉन यांची भारतीय भाषा, धर्म आणि प्राचीन अवशेष यांविषयीची जिज्ञासा वाढत गेली. गिरनार येथील अशोकाच्या शिलालेखाचे ठसे जेम्स प्रिन्सेप यांच्यापर्यंत पोहोचवण्यात त्यांचा वाटा होता. प्रिन्सेप यांनी त्या लेखाचे वाचन केले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षपद आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद यांचा मान जॉन यांना मिळाला. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मोल्सवर्थ यांच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिच्या आरंभी मराठी भाषेच्या घडणीविषयी आणि प्रसाराविषयी एक अभ्यासपूर्ण निबंध आहे. तो जॉन विल्सन यांनी लिहिला. कोश हाती नसताना हर्णैच्या किनाऱ्यावर मराठीची अक्षरे गिरवणारा तरुण अठ्ठावीस वर्षांनी त्याच भाषेचा जाणकार म्हणून मान्य झाला होता. त्यांच्या सन्मानार्थ विल्सन भाषाशास्त्र व्याख्यानमाला सुरू झाली आणि १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी तीत दिलेली व्याख्याने भारतीय भाषांच्या अभ्यासात मोलाची ठरली.

अंब्रोलीच्या शाळेतून वाढलेली संस्था आज विल्सन महाविद्यालय या नावाने ओळखली जाते. गिरगाव चौपाटीसमोरील तिची इमारत १८८९ सालची आहे. याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातील शाळेत जोतीराव फुले शिकले आणि १८४८ साली त्यांनी व सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींसाठी शाळा उघडली. म्हणजे मिशनच्या शाळेतून मिळालेली विद्या लोकांनी आपल्या विचाराने, आपल्या कारणांसाठी वापरली.

विल्सन दांपत्य ज्या हेतूने आले, तो हेतू फारसा सफल झाला नाही. त्यांच्या हातून धर्मांतरे मोजकीच झाली. परंतु त्यांनी काढलेल्या शाळांनी मूळ धरले. मार्गारेटबाईंना या देशात अवघी सहा वर्षे मिळाली. त्यांतला आरंभीचा काळ त्यांनी शिकण्यात घालवला आणि उरलेला शिकवण्यात. प्रौढ वयात नवी भाषा आत्मसात करून त्यांनी अक्षरओळख नसलेल्या मुलींसाठी शाळेचे दार उघडले, हे त्यांच्या अल्प आयुष्याचे मोठे संचित होय.