चे गव्हेराची फटफटी

चे गव्हेरा हे नाव घेतले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो ताऱ्याची टोपी घातलेला दाढीवाला बंडखोर. १९२८ साली अर्जेंटिनातील रोसारिओ येथे जन्मलेला हा माणूस १९६७ साली बोलिव्हियाच्या डोंगरात गोळी घालून मारला गेला. त्याच्या बंडाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगावयाची आहे ती त्याआधीची हकीकत. तेविसाव्या वर्षी फटफटीवरून करावयाचा म्हणून ठरविलेला, पण भलत्याच रीतीने पार पडलेला त्याचा प्रवास.

अर्नेस्टोला अगदी लहानपणी दमा जडला. त्याच्या प्रकृतीसाठी आईबापांनी अल्ता ग्रासिया या कोरड्या हवेच्या डोंगराळ गावी बिऱ्हाड हलविले. दम्याने अंथरुणास खिळला की पुस्तके वाचावीत आणि जरा श्वास मोकळा झाला की रग्बी खेळावयास धावावे, असा त्याचा स्वभाव. पुढे तो ब्यूनस आयर्सला वैद्यकी शिकू लागला. १९५० साली सायकलीला लहानसे इंजिन जोडून त्याने एकट्याने उत्तर अर्जेंटिना पालथा घातला. त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो वयाने सुमारे सहा वर्षांनी मोठा, जीवरसायनाचा जाणकार, कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात काम केलेला. त्याच्यापाशी १९३९ च्या बनावटीची ५०० सी.सी.ची नॉर्टन फटफटी होती. तिचे नाव त्याने ठेवले होते ला पोदेरोसा, म्हणजे बलशालिनी!

या बलशालिनीवर बसून दक्षिण अमेरिका खालून वर ओलांडावयाची असा दोघांचा बेत. १९५१ च्या डिसेंबरअखेर ते कोर्दोबाहून निघाले आणि जानेवारीत त्यांनी ब्यूनस आयर्स सोडले. परंतु नावातले बळ यंत्रात नव्हते. ओझे अतोनात, रस्ते वाळूचे. गाडी वारंवार घसरे, दोघे धुळीत लोळत, आणि जे तुटे ते तारेने बांधून पुढे निघत. अँडीज ओलांडून ते चिलीत उतरले. तेथे तेमुको गावच्या वर्तमानपत्राने या दोघांची कुष्ठरोगतज्ज्ञ म्हणून वाखाणणी छापली, तेव्हा काही दिवस पाहुणचार बरा मिळाला. पुढे एका उतारावर ब्रेकने दगा दिला आणि समोर गुरांचा कळप! जीव बचावला, पण गाडीची अखेर जवळ आली होती. शेवटी तिला एका मालमोटारीवर चढवून सांतियागोला नेले आणि तेथेच टाकून दिले.

येथून बेत मोडला, आणि मला वाटते, येथूनच तो प्रवास सांगण्याजोगा झाला. फटफटीवर होते तोवर ते हौशी सफरीवर निघालेले तरुण होते. पायी झाल्यावर दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहणारे फिरस्ते झाले. वाल्पाराइसो बंदरात गव्हेराला दम्याने आणि हृदयविकाराने खंगलेली एक गरीब म्हातारी पाहावयास बोलाविले. स्वतः दमेकरी असलेल्या या विद्यार्थ्याला तिच्यासाठी फारसे काही करता आले नाही. तेथून चोरून जहाजावर चढून ते उत्तरेस गेले. चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीकडे जाताना वाळवंटातील थंड रात्री त्यांना कामाच्या शोधात निघालेले एक जोडपे भेटले. नवरा कम्युनिस्ट म्हणून तुरुंग भोगून आलेला, आणि दोघांपाशी पांघरूणसुद्धा नाही. यांनी आपली एक घोंगडी त्यांस दिली. फटफटी धड असती तर ती रात्र त्यांच्या वाट्यास आली असती का?

पुढे पेरू. माचू पिक्चू पाहून ते लिमाला आले आणि डॉक्टर उगो पेस्के यांच्या साहाय्याने जून १९५२ मध्ये अॅमेझॉनच्या काठी सान पाब्लोच्या कुष्ठवसाहतीत पोहोचले. रोग्यांशी ते हातमोजे न घालता हस्तांदोलन करीत, त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळत.

मी दरबारी गवयाचा मुलगा, गाणे शिकवून चरितार्थ चालवितो. म्हणून येथील एक गोष्ट मला विशेष वाटते. गव्हेराला सुरातालाचा गंध नव्हता. टँगो लागला की ग्रानादोने खूण करावयाची, असा दोघांचा संकेत असे. नाचाच्या एका प्रसंगी एक चलतीची ब्राझिली धून लागली. ती मित्राच्या प्रेयसीच्या आवडीची म्हणून ग्रानादोने सहज डिवचले, आणि सारी मंडळी द्रुत लयीत नाचत असता हा गडी गंभीरपणे विलंबित टँगो नाचू लागला! वसाहतीने पुढील प्रवासासाठी त्यांना तराफा बांधून दिला, त्याचे नाव 'माम्बो-टँगो'.

याच माणसाने आईला लिहिलेल्या पत्रात निरोपाचे गाणेबजावणे वर्णिले आहे. अकॉर्डियन वाजविणाऱ्याच्या उजव्या हाताला बोटे नव्हती. मनगटाला काटक्या बांधून तो वाजवीत होता. गाणारा आंधळा होता. ज्याला धून ओळखता येत नव्हती, त्याने वाजविणाऱ्याचा हात मात्र नीट पाहिला. आमच्यासारखे कानाचे लोक पुष्कळदा नेमके तेच पाहावयाचे राहून जातात.

जुलैत काराकासला ग्रानादो नोकरीस राहिला. गव्हेरा घोडे वाहणाऱ्या विमानातून मायामीमार्गे निघाला, तर तेथे विमानाचेही इंजिन बिघडले! ऑगस्टअखेर तो घरी पोहोचला, १९५३ साली डॉक्टर झाला आणि पुन्हा निघाला तो क्यूबाच्या क्रांतीपर्यंत. १९५९ मध्ये क्यूबाचा प्रतिनिधी म्हणून तो दिल्लीस येऊन पंडित नेहरूंना भेटला. त्याच वर्षी हवानाच्या ला काबान्या किल्ल्यात त्याच्या हुकमतीखाली माणसांना गोळ्याही घातल्या गेल्या.

रोग्याचा हात हाती घेणारा आणि तो हुकूम देणारा एकच होता, हे मला विसरता येत नाही. एकाच फटफटीवरून निघालेला ग्रानादोही क्यूबात गेला, पण त्याने सांतियागो दे क्यूबाला वैद्यकीय विद्यालय उभारण्यात हात लावला आणि २०११ साली वृद्ध होऊन वारला. दुःख दोघांनी सारखेच पाहिले होते. त्यावर इलाज कोणता, हे मात्र त्या वाटेने त्यांना सांगितले नव्हते. ते ज्याचे त्याने ठरविले.