ताजुद्दीन बाबा : कुरआन दिलाने वाचणारा वली

यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेडहून नागपूरला गेलेला माणूस जमलं तर उमरेड रोडवरच्या ताजबागेत सलाम करूनच परततो. मन्नत, चादर, लंगर हे आपल्याला सगळं माहीत आहे. पण हजरत बाबा ताजुद्दीन (रह.) यांच्या वाटचालीची सुरुवात करामतीने नाही, कुरआनच्या सबकाने झाली, हे आपण विसरत चाललो आहोत.

बाबांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी कामठीला झाला. वडील सय्यद बद्रुद्दीन लहानपणीच गेले, मग आई मरियम बीही गेल्या. नानी आणि मामांनी सांभाळलं. चरित्रकार सांगतात की, बाबा मदरशात शिकत असताना कामठीचे बुजुर्ग हजरत अब्दुल्ला शाह कादरी तिथे आले. त्यांनी या मुलाला कमी खाण्याची, कमी झोपण्याची, कमी बोलण्याची ताकीद दिली. आणि कुरआन असा वाचायला सांगितला, की जणू तो आपल्यावरच उतरतो आहे. यतीम पोराला मिळालेली हीच खरी जायदाद.

तरुणपणी बाबा फौजेत भरती झाले. पलटण सागरला असताना दिवसा ड्युटी आणि रात्री दर्ग्यात इबादत, असा क्रम होता. शेवटी नोकरीच सोडली. कामठीला परतल्यावर लोकांनी वेडा ठरवलं, पोरांनी दगड मारले. १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या पागलखान्यात टाकलं गेलं. तिथे सुमारे सोळा वर्षं गेली. पण बाबांनी कुणाबद्दल कडवटपणा धरला नाही. उलट बाहेरचे लोकच दिलाचा सुकून शोधत तिथे येऊ लागले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी जामीन राहून त्यांना शक्करदऱ्याला आपल्या वाड्यात नेलं. हिंदू राजाच्या घरी मुस्लिम फकीर राहिला आणि दार सगळ्यांसाठी उघडं राहिलं. १७ ऑगस्ट १९२५, म्हणजे २६ मोहर्रम १३४४ रोजी बाबांची वफात झाली.

आता आपल्या घरात बघू. मुलाचा नाजरा पूर्ण झाला की मिठाई वाटतो आणि कुरआन जुझदानात बांधून उंच फळीवर ठेवतो. रमजानमध्ये किती खतम झाले ते मोजतो. एखाद्या आयतीपाशी थांबलो का, हे कुणी विचारत नाही. मग मन बेचैन झालं की ताबीज शोधत फिरतो. सूरह रअदमध्ये तर दिलाचं समाधान अल्लाहच्या जिक्राशीच जोडलं आहे.

तिलावतीचा सवाब आहेच. पण रोज फजरनंतर दोनच आयती घ्याव्यात, मराठी किंवा उर्दू तर्जुमा पाहावा, आणि हे आज मला सांगितलं जातंय असं समजून थोडा वेळ गप्प बसावं. अर्थ अडला तर आलिमांना विचारावं. रहमत अशीच हळूहळू उतरते. ताजबागेला जाऊच, पण बाबांचा हा पहिला सबक घरी घेऊन येऊ.